फांगत्सुनच्या बाजारात एका झुडपाचे सहा चहा

ग्वांगझू शहराच्या फांगत्सुन भागातली चहाची पेठ ही चीनमधल्या सगळ्यात मोठ्या घाऊक चहाबाजारांपैकी एक आहे. गल्ल्या, आतली आवारं, दोन-तीन मजली संकुलं असा तिचा पसारा. जवळजवळ प्रत्येक गाळ्यात मांडणी तीच: भिंतीला लागून छतापर्यंत खोकी, पुढे बरण्या आणि डबे, मधोमध जाड लाकडी टेबल आणि त्यावर सतत उकळणारी किटली. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला बसवायचं, मग चहा पाजायचा, आणि भावाचं बोलणं त्यानंतर. चव घेतल्याशिवाय इथे कुणी चहा घेत नाही आणि चव देण्यात दुकानदाराला उपकार केल्यासारखं वाटत नाही.

माझी ताई आणि भावजी कामानिमित्त ग्वांगझूला राहतात. कॅन्टन फेअरचा, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाचा, शरद ऋतूतला हंगाम चालू असताना मी त्यांच्याकडे गेले होते. भावजी फेअरमध्ये अडकलेले, म्हणून ताईनं आम्हा दोघींसाठी या बाजारातली चव-फेरी ठरवून टाकली. ठरावीक पैसे भरायचे, सोबत इंग्रजी बोलणारी मार्गदर्शक मिळते, आणि ती निवडक दुकानांतून सहाही प्रकारचे चहा चाखवत नेते. आमची मार्गदर्शक मूळची चाओझूची होती. चाओझू हे याच ग्वांगडोंग प्रांतातलं, चहासाठी जीव टाकणारं गाव. तिथल्या कुंगफू चहाच्या रिवाजाला चीननं 2008 मध्ये राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतलं आहे. तिथल्या घरांत चहा दिवसभर चालू असतो, आणि तिच्या बोलण्यात ते मुरलेलं होतं.

आदल्या रात्री तिचा निरोप आला: पोटभर नाश्ता करून या, अत्तर लावू नका, तिखट-लसूण टाळा. शेवटच्या अटीवर ताई म्हणाली, "अगं, मग आपण सकाळी पोहेच करू, साधे." पोटभर खाण्याचं कारण दुपारपर्यंत आपोआप कळलं. तिथे चहाची पत्ती भरपूर घालतात, पाणी थोडं, आणि वाट्या एकामागून एक येत राहतात. रिकाम्या पोटी हे झालं तर हातापायांना थरथर सुटते, डोकं हलकं होतं. मार्गदर्शकाच्या पिशवीत त्यासाठी शेंगदाणे आणि सुकी फळं होतीच. प्रत्येक वाटी संपवायची नसते, एक-दोन घोट घेऊन उरलेला चहा टेबलावरच्या भांड्यात ओतायचा, हेही तिनं सुरुवातीलाच बजावलं. आणि कुणी वाटी भरली की दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच टकटक करायची. ग्वांगडोंगमध्ये आभार मानायची ही रीत. वेष बदलून फिरणाऱ्या छ्यानलोंग बादशहाची गोष्ट तिच्यामागे सांगतात. ताई हे इतकं सहज करत होती की मला तिचं कौतुक वाटलं.

पहिल्या दुकानात बसल्यावर मार्गदर्शकानं जो नियम घालून दिला, त्यामुळे माझ्यासाठी सगळी फेरी वेगळी झाली. ती म्हणाली, "डब्यावरची गोष्ट ऐकू नका. कोरडं पान बघा, झाकणाचा वास घ्या, घोट घ्या, आणि शेवटी चोथा बघा." ती अर्थात इंग्रजीत बोलत होती, पण माझ्या मनात तो चोथाच झाला. आपल्याकडे चोथा गाळणीतून थेट गुलाबाच्या कुंडीत जातो. तिथे तो पांढऱ्या बशीत पसरून, बोटांनी एकेक पान उलगडून तपासतात. पान अखंड आहे की चुरा, कोवळं की जून, कडा कशा आहेत, ओढलं तर ताणतं की तुटतं. सहाही चहा एकाच झुडपाचे, कॅमेलिया सायनेन्सिसचे. हिरवा, पांढरा, पिवळा, ऊलाँग, लाल, काळा हा सगळा फरक पान खुडल्यानंतर त्याचं काय केलं यातून येतो, आणि ते सगळं चोथ्यात लिहिलेलं असतं. (आपण ज्याला काळा चहा म्हणतो तो त्यांच्या हिशेबात लाल. त्यांचा काळा चहा म्हणजे पुअर या मुरवलेल्या चहाच्या कुळातला.)

सुरुवात हिरव्यानं झाली. हांगझूच्या पश्चिम सरोवराजवळचा लोंगजिंग. पान खुडून थोडं सुकवलं की लगेच तापलेल्या कढईत हातानं दाबत, सरकवत भाजतात. उष्णतेनं पानातली एन्झाइम्स निकामी होतात, पान लाल पडायचं थांबतं आणि हिरवं राहतं. दाबल्यामुळे लोंगजिंगची पानं चपटी, गुळगुळीत होतात. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगचा सण येतो. त्याच्या आधी खुडलेल्या पत्तीला सगळ्यात जास्त भाव. दुकानदारीणबाईंनी उकळलेलं पाणी मुद्दाम ऐंशी अंशांच्या आसपास येऊ दिलं आणि उंच काचेच्या ग्लासात पत्तीवर ओतलं. भाजक्या डाळीचा, किंचित खमंग वास, मग हळूच गोडवा. चोथ्यात एक कळी आणि एक-दोन पानं, देठाला चिकटलेली, जशी झाडावर होती तशी. छान होता, तरी माझं मन त्यात फार रमलं नाही. शरद ऋतूत वसंतातला हिरवा चहा म्हटलं की त्याचा ऐन बहर सरलेलाच असतो, हे मार्गदर्शकानंही लपवलं नाही.

पांढरा फुजियान प्रांतातल्या फुडिंगचा. याच्यावर सगळ्यात कमी प्रक्रिया: पान पसरून सुकू द्यायचं, मग वाळवायचं. भाजणं नाही, मळणं नाही. नुसत्या कळ्यांचा बाय हाओ यिनझेन, कळी आणि पानांचा बाय मूदान, आणि जून पानांचा शौमेई. यिनझेनच्या कळ्यांवर चंदेरी लव होती, बोटाला लागत होती. मला मात्र जुन्या शौमेईची दाबून केलेली वडी आवडली. तो किटलीत चक्क उकळून दिला, रंग नारिंगी, चव खजुराच्या अंगाची. पांढऱ्या चहाबद्दल तिथे एक म्हण सर्रास ऐकवतात: पहिल्या वर्षी चहा, तिसऱ्या वर्षी औषध, सातव्या वर्षी ठेवा. तिच्या जोरावर जुन्या वड्यांचे भाव चढतात. औषधाच्या भरवशावर चहा घेऊ नये असं माझं मत आहे. चव आवडली तर घ्यावा, ते पुरेसं कारण आहे.

पिवळा चहा फार थोड्या दुकानांत मिळतो. हुनानच्या दोंगतिंग सरोवरातल्या बेटावरचा जुनशान यिनझेन आम्ही वाटीभर चाखला. भाजलेलं पान ओलसर-कोमट असतानाच गुंडाळून ठेवतात, त्यानं हिरव्यातला कोवळा कडवटपणा जातो. तेवढ्यावर आम्ही पुढे निघालो, कारण ऊलाँगसाठी हातात वेळ हवा होता.

फुजियानच्या आनशी भागातला तिएग्वानयिन हा ऊलाँग विकणाऱ्या गाळ्याबाहेर तीन बायका बुटक्या स्टुलांवर बसल्या होत्या. मांडीवर बांबूचं पसरट सूप, त्यात चहाच्या गोळीबंद पत्तीचा ढीग. डाव्या हातानं चिमूट उचलायची, उजव्या हाताच्या नखानं देठ मोडायचा, देठ एका डब्यात, गोळी दुसऱ्या. गप्पा चालू, नजर सुपावर. बागेतून येणारी पत्ती देठासकट येते आणि हे काम हातानंच होतं. एकीनं मला शेजारी बसवून माझ्या ओंजळीत पत्ती दिली. गोळ्या कडक, जड, हातातून घरंगळणाऱ्या; देठ त्यातून केसाएवढा बाहेर आलेला. तो गोळीच्या अगदी लगत मोडला नाही तर पान फुटतं. विक्रीला ठेवलेल्या स्वच्छ पत्तीचा भाव का चढा असतो, याचा हिशेब तिथे बसल्यावर वेगळा मांडायची गरज राहिली नाही.

आणि हा तिएग्वानयिनच्या शरदातल्या खुडणीचा हंगाम होता. चहावाले म्हणतात, वसंतात पाणी, शरदात वास. म्हणजे वसंतातल्या चहाला घोटात अंग असतं आणि शरदातल्याला सुगंध. गायवानवर, म्हणजे झाकणाच्या वाटीवर, पाणी पडलं आणि दुकानदारानं ते झाकण माझ्या नाकाशी धरलं तेव्हा ते पटलं. फुलांचा वास, दाट आणि गार. चहात फूल एकही नाही. ऊलाँगची पानं उन्हात कोमेजवून मग रात्री पुन्हापुन्हा हलवतात, आपटवतात. कडांना इजा होते, तिथे ती लाल पडू लागतात, मधला भाग हिरवा राहतो. हवं तेवढं झालं की भाजून थांबवतात. किती वेळ हलवायचं, कधी थांबायचं हे हवेतला दमटपणा आणि पानाचा वास बघून ठरतं, म्हणून या कारागिरांची रात्रीची झोप हंगामात जाते. चोथ्यातलं पान उलगडलं तर कडा तांबूस, पोट हिरवं. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीतही इतकं स्पष्ट दिसलं नसतं.

वूयी पर्वतातल्या दा होंग पाओ या ऊलाँगबद्दल मार्गदर्शक कळकळीनं बोलली. त्याची मूळ सहा झुडपं कड्यावर आहेत आणि 2006 पासून त्यांची खुडणी बंद आहे. त्यामुळे बाजारात 'मातृवृक्षाचा' म्हणून कुणी काही दाखवलं तर उठून यावं. दुकानातला दा होंग पाओ कलमांचा असतो किंवा वूयीच्याच रोउग्वी, श्वेशियान अशा जातींचं मिश्रण, आणि चांगलं मिश्रण करणं ही मोठी कला आहे. आम्ही चाखला तो कोळशाच्या आचेवर भाजलेला होता. पहिला घोट धुरकट, मग दालचिनीकडे झुकणारा, आणि गिळल्यावर घशात बराच वेळ गोडवा वर येत राहिला. हा परतून येणारा गोडवा चिनी चहावाले सगळ्यात आधी शोधतात.

पण खरी बैठक जमली ती मार्गदर्शकाच्या गावाकडच्या चहाशी. चाओझूजवळच्या फेंगह्वांग डोंगरातला दानत्सोंग, हाही ऊलाँगच. इथे झुडपांच्या जाती वासावरून ओळखतात: मध आणि ऑर्किडचा तो मी लान शियांग, शिवाय बदामाचा, आल्याच्या फुलाचा, आणि तो प्रसिद्ध 'बदकाच्या विष्ठेचा' या शी शियांग. वासाशी या नावाचा संबंध नाही. कुणी म्हणतं त्या मातीचा रंग तसा, कुणी म्हणतं शेजाऱ्यांनी आपलं झाड पळवू नये म्हणून मालकानं ठेवलेलं नाव. वास नितांत सुंदर, पांढऱ्या फुलांचा.

दुकानदार वयानं मोठे होते, मार्गदर्शक त्यांना काका म्हणत होती. त्यांनी 110 मिलिलिटरच्या गायवानमध्ये सात-आठ ग्रॅम लांब, पीळदार पत्ती घातली. उकळतं पाणी उंचावरून, कडेकडेनं. पहिलं पाणी वाट्या धुवायला. दुसरं पाणी पडलं, झाकण ठेवलं आणि जवळजवळ लगेच ओतायला सुरुवात. काका तीन वाट्या एकमेकींना चिकटवून त्यांच्यावरून गायवान गोल फिरवत होते, म्हणजे कुठल्याच वाटीत पातळ किंवा दाट जात नाही, आणि शेवटचे थेंब प्रत्येकीत मोजून टाकत होते. त्यांचा अंगठा आणि मधलं बोट गायवानच्या काठावर, तर्जनी झाकणाच्या मुठीवर. भांडं इतकं तापलेलं की मला ते क्षणभरही धरवलं नाही. पहिल्या वाटीत मध आणि पिकलेलं फळ, मधल्या वाट्यांत फुलं, नंतर नंतर फक्त स्वच्छ गोडी. पत्ती तीच, बदल फक्त वेळेचा. एकदा काकांनी मुद्दाम पाणी मिनिटभर ठेवलं. चहा जहर कडू आणि तुरट झाला. "हाच चहा," मार्गदर्शक म्हणाली, "चांगला दानत्सोंग असा ताण दिला तरी कडवटपणा जिभेवरून सरकतो. वाईट असेल तर बसून राहतो." खरोखरच थोड्या वेळात कडवटपणा गेला आणि तोंडात वास उरला. पत्ती पारखायची ही युक्ती मला सगळ्यात मोलाची वाटली.

लाल चहाकडे आम्ही थोडाच वेळ दिला. तोंगमू गावचा, पाइनच्या लाकडाच्या धुरात वाळवलेला झेंगशान शिआओझोंग आणि त्याच गावात 2005 मध्ये तयार झालेला, नुसत्या कळ्यांचा जिन जुन मेई. दोन्ही बिनदुधाचे गोड लागतात. आपल्या सीटीसी चहात यंत्रानं पानाचे बारीक तुकडे करून त्यांच्या गोळ्या वळतात, कारण त्याला दुधातून आणि साखरेतून वर यायचं असतं; इथे पान शाबूत ठेवतात कारण सोबत फक्त पाणी आहे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, अमृततुल्यच्या चहावरचं माझं प्रेम यानं तसूभर कमी झालेलं नाही.

शेवटी पुअर. फांगत्सुनचा आत्मा यातच आहे. युन्नानच्या पुअरचा हा इतका मोठा बाजार आहे की इथल्या भावावर सगळ्या देशाची नजर असते. गोल वड्या, प्रत्येकी 357 ग्रॅम, सात वड्यांची बांबूच्या सालीत बांधलेली थप्पी. लोक सोन्यासारखी गुंतवणूक करतात, आणि 2007 मध्ये हा फुगा असा फुटला की पुष्कळांचं दिवाळं निघालं. झाड युन्नानचं मोठ्या पानांचं, म्हणजे वनस्पतिशास्त्राप्रमाणे असामिका, आपल्या आसामातल्या चहाचीच जात. हे ऐकल्यावर मी ते पान हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

पुअर दोन प्रकारचा. कच्चा, म्हणजे शंग: पान भाजून, मळून उन्हात वाळवतात, वडी दाबतात आणि वर्षानुवर्षं सावकाश पिकू देतात. पक्का, म्हणजे शौ: पत्तीचा मोठा ढीग ओला करून झाकून ठेवतात. शेणखताचा ढीग आतून तापतो तसा तो जिवाणू-बुरशीच्या कामानं तापतो. अधूनमधून उलथतात, आणि दीड-दोन महिन्यांत पत्ती काळी, मऊ चवीची होते. ही रीत 1973 च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात बसवली गेली. वडीवर 7542 किंवा 7572 असे आकडे दिसले तर पहिले दोन म्हणजे मिश्रणाची कृती ठरली ते वर्ष, तिसरा पत्तीची प्रत, चौथा कारखान्याचा क्रमांक. 2 म्हणजे मंगहायचा कारखाना. आकड्यातलं 75 वडीचं वय सांगत नाही, आणि अनोळखी दुकानात नेमका तिथेच गिऱ्हाइकाचा गोंधळ करून घेतात.

एकाच गाळ्यात आम्हाला नवा शंग, जुना शंग आणि शौ शेजारी शेजारी मिळाले. नवा पिवळट, कडक, जीभ आवळणारा. जुना तांबूस, कापूर आणि जुन्या लाकडाचा वास, घशात गार. शौ कॉफीइतका काळा, पण अजिबात कडू नाही, पावसानंतरच्या मातीचा वास. मग तिन्ही चोथे एका बशीत. नव्या शंगचं पान पोपटी, ताणलं तर लवचीक. जुन्याचं तपकिरी, तरी जिवंत, बोटांत उलगडणारं. शौचं काळसर, ताठ, दाबलं की तुटणारं. मार्गदर्शकानं चौथा चोथा आणून ठेवला, जुना म्हणून विकला जाणारा: पानं काळी आणि गाठी पडलेली, उलगडेनातच. लवकर जुनं दिसावं म्हणून दमट कोठारात ठेवलेला माल, ती म्हणाली. ग्वांगडोंगच्या दमट हवेत पुअर झपाट्यानं पिकतो, आणि त्याचा हा गैरवापर. वासात कुबटपणा आधीच कळला होता, चोथ्यानं शिक्कामोर्तब केलं.

ताईला निघता निघता आवडलं ते शिनहुईचं छोटं हिरवं संत्रं. आतला गर काढून त्यात शौ पुअर भरतात आणि फळासकट वाळवतात. शिनहुई ग्वांगडोंगमध्येच, तिथल्या वाळवलेल्या संत्रसालीचं मोठं नाव आहे. सबंध फळ किटलीत घालून उकळलं की घरभर वास. ती म्हणाली, "आईला हे पाठवू या, तिला आल्याशिवाय चहा जात नाही, हा जाईल." आईला ते आवडलं, हे पुढे कळलंच.

कुणी तिकडे जाणार असाल तर खरेदीबद्दल मला कळलेलं थोडं सांगते. भाव 'जिन'मध्ये सांगतात, म्हणजे अर्ध्या किलोचा. किलोचा समजून आनंदू नका. पन्नास ग्रॅम मागितले तरी बहुतेक दुकानं देतात. एकाच जातीच्या तीन भावांच्या पत्त्या शेजारी शेजारी करून मागा, फरक तोंडाला कळतो, आणि मधली पसंत पडली तर निःसंकोच मधली घ्या. पैसे बहुतेक फोनवरून देतात, तेव्हा अलीपे किंवा वीचॅट आधीच सुरू करून ठेवा. मोकळा दिवस निवडा आणि सकाळीच जा, दुपारनंतर चव थकते.

मी दानत्सोंग, शरदातला तिएग्वानयिन आणि जुन्या शौमेईचा तुकडा आणला. घरी गायवान नसलं तरी झाकण असलेला छोटा चिनी मातीचा कप चालतो, गाळणी वेगळी धरायची. तिएग्वानयिन हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवला आहे. शौमेईला फ्रिज नको, कागदात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा, मसाल्याच्या डब्यापासून आणि उदबत्तीपासून लांब. चहाची पत्ती शेजारचा वास पटकन उचलते.